दवाखान्याची जुडी

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत अशी की जो तो पायच दाखवायला आला होता. सुजलेले पाय, बोट दाबलं की खळगा पडणारे पाय, चपलेत न मावणारे पाय. दाराशी मंगलाबाई हळदीचं पातेलं घेऊन बसलेली. येणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याच्या पावलांना ती घोट्यापर्यंत ओली हळद थापायची. मग तो माणूस लेकाच्या किंवा बायकोच्या खांद्यावर हात टाकून घंगाळबाबांच्या समोर जायचा.

पितळेचं भलंथोरलं घंगाळ आणि त्यात नितळ पाणी. बाबा डोळे मिटून हात वर करायचे, शिष्य आजाऱ्याचे पाय पाण्यात बुडवून चोळायचा, आणि बघता बघता ते पाणी लालेलाल व्हायचं.

"निघालं! निघालं!" सगळा मंडप ओरडायचा.

त्या दिवशी घंगाळात सहादूचे पाय होते. त्याची बायको शकुबाई मागे हात जोडून उभी होती. लाल पाणी बघून तिच्याही अंगावर काटा आला.

"बघा रे बघा!" बाबा गरजले. "हे रक्त नाही, विष आहे विष! डॉक्टरच्या मशीनला जे दिसत नाही ते या घंगाळाला दिसतं. तुम्ही भाजीवर काय मारता?"

"औषध!" लोक ओरडले. मळेवालेच सगळे. कीटकनाशकाला ते औषधच म्हणतात.

"आणि दवाखान्यात काय देतात?"

"औषध!"

"एका औषधानं अळी मरते. मग दुसऱ्या औषधानं माणूस कसा जगेल, सांगा! बोला, घंगाळमाउली की जय!"

एका शब्दाचे दोन अर्थ असतात एवढीच काय ती या बाबाची विद्या. पण ती इतक्या मोठ्या आवाजात सांगितली जात होती की विचार करायला कुणाला सवडच मिळत नव्हती.

असलं दुकान याआधी इथे कुणी थाटलं नव्हतं, कारण इथल्या लोकांना त्याची गरजच नव्हती. पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी, कोथिंबीर, पालक शेकड्यावर विकतात. आसपासचे मळेवाले फार पूर्वीपासून शेकड्यामागे एक जुडी बाजूला काढत. ती दवाखान्याची जुडी. सगळ्यांच्या जुड्यांचा ओट्यावर ढीग लागायचा, शेवटी त्याचा लिलाव व्हायचा, आणि व्यापारी त्या ढिगाला मुद्दाम चढी बोली द्यायचे. तिथे घासाघीस करणाऱ्याची अख्खा बाजार टिंगल करायचा. त्या पैशावर नदीपलीकडे जुन्या नाशकात एक छोटं धर्मादाय रुग्णालय चालायचं. पाटीवर त्याचं नाव लांबलचक होतं, पण रिक्षावाल्याला 'जुडीचा दवाखाना' म्हटलं की पुरे. किडन्या गेलेल्या गरिबांचं डायलिसिस तिथे फुकट व्हायचं.

सहादूचंही व्हायचं. त्याच्या शेजारच्या मशीनवर शेजारच्याच मळ्यातला गोरक्ष असायचा, तरणाताठा, एका लहान पोरीचा बाप. दोघं गोरक्षच्या पिकअपमधून जोडीनं जायचे. हातातल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जाऊन शुद्ध होऊन परत येताना बघून सहादू म्हणायचा, "गोरक्षा, आयुष्यभर जुड्या काढल्या. माझीच मेथी मला परत मिळती बघ."

या जुडीवर बाबाचा डोळा गेला.

"पितरांच्या नावानं घास काढला की पितर येतात ना?" त्यानं एका गुरुवारी विचारलं.

"येतात!"

"मग आजाऱ्याच्या नावानं जुडी काढली की घरी कोण येणार?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कुणाच्या घरात दमेकरी होता, कुणाच्या घरात साखरेचा आजार होता. प्रत्येकीला वाटलं, आपणच बोलावून आणलं की काय हे दुखणं!

"ती जुडी घंगाळापुढे ठेवा," बाबा मायेनं म्हणाला. "आजार माझ्या दारात येऊ दे. माझं मी बघतो."

झालं! बाजारातला ओटा ओस पडला. ढीग मंडपात लागू लागला आणि मागच्या दारानं दुसऱ्या बाजारात जाऊ लागला. जुडीच्या दवाखान्यानं आधी नवे रुग्ण घेणं थांबवलं, मग दुपारची पाळी बंद केली. तिथल्या डॉक्टर अंजली बाजारात येऊन लोकांना हात जोडून सांगत होत्या, पण नमस्कार त्यांना आणि जुडी बाबाला असा प्रकार चालला होता.

बाबाची आणखी एक हुशारी होती. ती तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. "मशीनवर बसून आलात की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे या," असं तो सांगायचा, "अंग मोकळं असतं." सहादू बुधवारी मशीनवर जायचा आणि गुरुवारी घंगाळात पाय बुडवायचा. डायलिसिसनंतर अंगातलं साठलेलं पाणी उतरतं, श्वास मोकळा होतो, माणसाला हलकं वाटतं. हलकं केलं मशीननं, जयजयकार झाला बाबाचा. असे चार गुरुवार पार पडल्यावर बाबानं सहादूच्या आणि गोरक्षच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मशीन सोडा. विषाला एक वाट मिळाली, दुसरी कशाला?"

दोघांनी मशीन सोडलं. शकुबाई कुरकुरली, पण सहादू म्हणाला, "डोळ्यांनी बघितलं ना तू? आता आनखी काय पायजे?"

सहादूच्या अंगात पाणी भरत गेलं. आधी पाय, मग पोट, मग छाती. एका सकाळी त्याला आडवंच होता येईना. गोरक्षनं त्याला पिकअपमध्ये घातलं. नदीवरच्या पुलावर गाड्यांची गर्दी होती. पलीकडे दवाखान्याची पाटी दिसत होती. शकुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून सहादू तिथेच, हॉर्नच्या कलकलाटात गेला.

पुढच्या गुरुवारी बाबानं मंडपात सांगितलं, "विष तर मी काढलं होतं. पण बायकोची श्रद्धा कमी पडली. तिच्या मनातल्या संशयानं नवरा गेला."

हे शकुबाईला मंगलाबाईनं येऊन सांगितलं. दुःखानं शकुबाई आधीच वाळली होती. हे ऐकून तिच्या डोळ्यांतलं पाणीच आटलं. नवरा मारला तो मारला, वर खून तिच्या पदरात बांधून दिला होता. शकुबाई त्या दिवसापासून रडली नाही. तिला आता फक्त तो बाबा पाहिजे होता.

दहावं-तेरावं झाल्यावर सहादूचे कपडे कुणा गरजूला द्यावेत म्हणून तिनं ते धुवायला काढले. त्याचा पांढरा लेंगा विहिरीजवळच्या दगडावर पसरला. पायाशी दोन्हीकडे पिवळे डाग होते. मंडपातली हळद. तिनं साबणाची वडी घेऊन डागावर घासली आणि डाग लाल झाला.

शकुबाईचा हात थांबला. हा लाल रंग तिनं उभ्या जन्मात किती वेळा पाहिला होता! लग्नाच्या हळदीची लुगडी, स्वयंपाकातले पदर, पोरांची झबली. हळदीला साबण लागला की लाल होतं हे कुठल्या बाईला माहीत नाही? आणि हाच रंग घंगाळात बघून सगळ्या बायांनी हात जोडले होते. तीसुद्धा.

तो ओला लेंगा तसाच पिशवीत घालून ती दवाखान्यात गेली.

डॉक्टर अंजलींनी डाग बघितला, मग कपाटातून हळद आणि धुण्याचा सोडा काढला. सोडा पाण्यात टाकला. तो विरघळला, पाणी पुन्हा नितळ झालं. त्यांनी बोटाला हळद लावून बोट त्यात बुडवलं. लाल!

"साबण, चुना, सोडा, सगळ्यांनी असंच होतं, शकुबाई. हळदीला चुना घालूनच तर कुंकू करायचे. किडनीचं काम बंद पडलं की जी घाण रक्तात साठते, ती पायाच्या कातडीतून कधीच निघत नाही. आणि निघाली तरी तिचा रंग लाल नाही." "गोरक्षची किडनी थोडी शिल्लक होती म्हणून तो अजून चालतोय. पण असाच राहिला तर त्याचेही फार दिवस नाहीत. मी दोनदा त्याच्या घरी गेले. तो म्हणतो, लाल पाणी मी डोळ्यांनी बघितलंय. मी आता पोलिसांत तक्रार देते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे."

"द्या की," शकुबाई म्हणाली. "पर पोलिसांनी धरला तर गोरक्ष म्हनंल, देवमाणसाला तरास दिला. आन् मरंल. तुमी पोलिसांना मंडपात बोलवा, पन जरा मागं उभं करा. आधी मला त्याचे पाय पायजेत."

"कुणाचे?"

"बाबाचे."

शकुबाई मंडपात गेली ती मान खाली घालून. बाबाच्या पुढ्यात लोटांगण घातलं. "बाबा, माझीच श्रद्धा कमी पडली. मला पाप फेडायचं हाय. येत्या गुरुवारी तुमची पाद्यपूजा करू द्या. सगळ्या गावच्या जुड्या मी तुमच्या पायाशी आणून घालते."

बाबा इतका खूश झाला की त्याला आशीर्वादाचे शब्द सापडेनात. खुनी बाई स्वतःहून शरण आली होती, तीही जुड्या घेऊन! आता बाजारात कोण तोंड उघडणार?

गुरुवार उजाडला. मेथी-कोथिंबिरीचा ढीग घंगाळापेक्षा उंच झाला होता. त्यात शकुबाईच्या मळ्यातले पांढरेशुभ्र मुळेही होते. पुढे गोरक्ष बसला होता, तोंड सुजलेलं, बोलताना धाप लागत होती. मांडीवर त्याची पोरगी पायल. मागच्या खांबापाशी डॉक्टर अंजली आणि साध्या कपड्यांतले दोन पोलीस.

बाबानं पाट मागवला, पाय पुढे केले आणि डोळे मिटले. शकुबाईनं मंगलाबाईच्या पातेल्यातली हळद घेतली आणि बाबाच्या पावलांना थापली. भरपूर थापली. मग स्वतःच्या घरून आणलेला तांब्या उचलला. विहिरीचं पाणी असेल असंच बाबाला वाटलं. तिनं धार सोडली आणि दोन्ही हातांनी पाय चोळले.

पाय लाल झाले. पाटावरून लाल ओघळ मंडपभर निघाले.

"अगं बाई गं!" शकुबाई मोठ्यानं ओरडली. "बाबांच्याच अंगात विष! आन् केवढं हे! माझ्या मालकाचं बी एवढं नव्हतं!"

बाबानं डोळे उघडले, पायांकडे बघितलं आणि क्षणभर त्याच्या तोंडावरचं देवपण गळून पडलं. पण गडी मुरलेला होता. त्यानं लगेच हात वर केले.

"रडू नका भक्तांनो! हे विष माझं नाही. तुमचं आहे! तुमच्यासाठी मी ते अंगावर घेतलं!"

"जय हो!" कुणीतरी ओरडलं. दोनचार बायका डोळे पुसू लागल्या. गोरक्षनंही नमस्कार केला. शकुबाईला वाटलं, हातात आलेला निसटतोय की काय!

तिनं ढिगातून एक मुळा ओढला. पाला धरून उलटा केला, त्याला हळद फासली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं. मुळा लाल.

"आन् ह्यानं कुणाचं विष घेतलं?" तिनं मुळा बाबाच्या नाकासमोर धरला. "का ह्याच्या बी किडन्या गेल्या?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. पायल तर खळखळून हसली, "बाबा, मुळा आजारी पडला!" आपल्या बापाला म्हणाली ती, पण ऐकलं घंगाळबाबानं. त्याचा तोल गेला.

"ही बाई खोटारडी आहे!" तो पाटावरून उठून ओरडला. "तांब्यात सोडा टाकलाय हिनं! धुण्याचा सोडा!"

शकुबाई हसली नाही. याच शब्दासाठी ती थांबली होती.

"सोडा? मी तर कुणालाच सांगितलं नाय. रंग बी नाय, वास बी नाय, पानी नितळ होतं. तुमाला कसं कळलं बाबा?"

तिनं ढिगातून दुसरा मुळा घेतला, हळद फासली आणि खुद्द घंगाळात बुडवला. माउलीच्या पवित्र तीर्थात. बाहेर काढला तो लालभडक.

"ह्या घंगाळात काय हाय मग? सांगा ना. तुमाला लगेच वळखता येतं!"

मंगलाबाई हळदीचं पातेलं सोडून उठली. तिनं घंगाळात हात घातला, बोटं एकमेकांवर घासली. "बुळबुळीत लागतंय," ती पुटपुटली. मग तिचा आवाज चढला. "आगं, पातळाला हळद लागली का साबणानं असंच होतं! मी लेकीच्या लग्नाची लुगडी धुतली तेव्हा मोरीभर असंच लाल पानी झालं होतं! आन् मीच दाराशी बसून सगळ्यांना हळद लावत होते..." तिनं पातेलं उचललं आणि बाबाच्या अंगावर रिकामं केलं.

आता डॉक्टर अंजली पुढे आल्या. त्यांनी तांब्याभर लाल पाणी घंगाळातून काढलं आणि ढिगाशेजारचं लिंबू त्यात पिळलं. पाणी फसफसलं आणि पिवळं झालं.

"विष परत गेलं बघा," त्या म्हणाल्या. "हळद सोड्यात लाल होते, लिंबात पिवळी होते. यात ना विष, ना रक्त, ना देव. तुमच्यातल्या ज्यांना इथे येऊन बरं वाटलं, त्यांनी आठवावं, आदल्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मशीनवर. बाबा तुम्हाला मशीनच्या दुसऱ्या दिवशीच का बोलवायचा?"

गोरक्षनं मान वर केली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग त्यानं स्वतःच्या हळदीनं माखलेल्या पायांकडे बघितलं, आणि रडत रडत तो ते पाय लेंग्यानंच पुसू लागला. "मावशी," तो म्हणाला, "सहादूकाकाला मी म्हनलं व्हतं, मशीन सोडू. मी म्हनलं व्हतं."

"तुला कुणी म्हनायला लावलं ते उभं हाय समोर," शकुबाई म्हणाली. "ऊठ. गाडीत बस."

पोलिसांनी बाबाचा दंड धरला. पुढे चौकशीत कळलं ते असं, की बाबाचं नाव केरू, आणि बाबा होण्याआधी तो धुण्याची पावडर पुड्यांत भरणाऱ्या एका शेडमध्ये कामाला होता. त्याची सगळी साधना तिथलीच.

"जरा पाय धुऊ द्या," केरू गयावया करत म्हणाला.

"नाय," शकुबाई आडवी झाली. "धुयाचे नाय. असाच जाऊ दे. सगळ्यांना बघू दे. माझा मालक पुलावर गेला तेव्हा त्याच्या पायाची हळद बी धुतलेली नव्हती."

पोलिसांनी त्याला तसाच चालवला. केरू मंडपातून, मग रस्त्यावरून, लाल पावलं उमटवत गेला. ज्या बायकांनी त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं त्या दुतर्फा उभ्या राहून ती पावलं बघत होत्या. कुणी काही फेकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. शकुबाई शेवटपर्यंत मागे चालत होती, आणि गाडीचं दार लागताना तिनं एवढंच विचारलं, "आता कुणाची श्रद्धा कमी पडली रे?"

मंडपातला ढीग तसाच होता. डॉक्टर अंजली म्हणाल्या, की दुपारची पाळी बंद आहे, गोरक्षला आज घ्यायचं तर मशीन चालू करावं लागेल, द्रव आणि फिल्टर लागतील, आणि त्यासाठी हातात काही नाही. शकुबाईनं ढिगाकडे बोट केलं. "ह्या जुड्या कुणाच्या हायेत? दवाखान्याच्याच ना? मग द्या ज्याच्या त्याला."

बायकांनी पदर खोचले. ढीग पिकअपमध्ये चढला, बाजारातल्या ओट्यावर उतरला. लिलाव करणाऱ्यानं एका दमात बोली वाढवत नेली आणि त्या दिवशी एकाही व्यापाऱ्यानं घासाघीस केली नाही. दुपारी गोरक्षच्या हातात नळी लागली. छातीतलं पाणी उतरायला वेळ लागला, पण संध्याकाळी तो पहिल्यांदा उशीला पाठ टेकून झोपू शकला. दुपारची पाळी त्यानंतर पुन्हा बंद पडली नाही.

वाचकहो, तुमच्या घरात हळद आहे आणि साबण आहे. चिमूटभर हळद तळहातावर घ्या, साबणाचा फेस लावा आणि बघा. लाल झालं की शेजाऱ्याला बोलावून दाखवा. उद्या तुमच्या गावात कुणी घंगाळ घेऊन बसला, तर पैसे टाकण्याआधी एक मुळा घेऊन जा. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका, कसं झालं ते विचारा, आणि विचारलं म्हणून जो चिडेल त्याला मुळीच सोडू नका. अशा माणसाला क्षमा करणं हा मोठेपणा नाही. त्याची किंमत पुढचा आजारी माणूस चुकवतो. द्यायचंच असेल तर जिथे मशीन चालतं तिथे द्या.

शकुबाईचा राग अजून गेलेला नाही. केरूच्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला ती मखमलाबाद रोडवरून रिक्षानं कोर्टात जाते, साक्षीदारांच्या बाकावर बसते आणि त्याच्याकडे बघत राहते. त्याआधी पहाटे बाजारात तिची मेथी उतरते. शेकड्यामागे एक जुडी ती ओट्यावर ठेवते. परवा ती ठेवताना पिकअप रिकामी करणारा गोरक्ष हसून म्हणाला, "मावशी, तुमची मेथी मला मिळती बरं का."

"माहीत हाय," ती म्हणाली, आणि ढिगावर आणखी एक जुडी टाकली. "ही माझ्या मालकाची."